शाहीर होनाजी बाळा

पेशवाईच्या उत्तरकाळी पुण्यनगरीत जे नामांकित शाहीर होऊन गेले, त्यांत होनाजी सयाजी शिलारखाने यांचे स्थान फार वरचे आहे. ते ज्ञातीने गवळी. घरचा धंदा दुभत्याचा. पण शाहिरीचा वारसाही घरचाच होता.

फडाची लावणी मोठ्या समुदायापुढे व्हावयाची. ढोलकीचा कडकडाट, तुणतुण्याची साथ आणि झीलकऱ्यांनी उंच स्वरात उचललेले पालुपद यांवर तिची सारी मदार. होनाजींनी ही लावणी रागदारीत बांधून बैठकीत आणली व ढोलकीच्या जागी तबला घेतला, असे सांगतात. तबल्याच्या मृदू ठेक्यावर गाणाऱ्यास आलापीला अवकाश मिळतो आणि शब्दांतील भाव श्रोत्यांच्या अंतःकरणापर्यंत पोचतो.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा त्यांना आश्रय होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८४४ मध्ये होनाजींचे देहावसान झाले. तथापि त्यांच्या नावावरील भूपाळी १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटाने पुन्हा घरोघर पोचविली.

होनाजी आमचे, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. परंतु कवने होनाजींची, तर कंठ बाळा करंजकर यांचा. आणि बाळा हे शिंपी ज्ञातीचे. रचणारा व गाणारा यांची नावे महाराष्ट्राने कायमची एकत्र गुंफली. ज्ञातीच्या स्मरणिकेत त्यांतील अर्धेच नाव छापणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. म्हणूनच मथळ्यात दोघेही आहेत.