हात पाहिजे, डोकं नको?

मी दाभोळचा. मे महिन्यात आमच्याकडे टेनिस बॉलच्या मॅचेसचा नुसता धुमाकूळ असतो. गावच्या टीममधला सगळ्यात भारी बोलर टोकाच्या एका वाडीतला. मॅच असली की त्याला बोलवायला मीच सायकल हाणत जायचो. पण कॅप्टन ठरवताना त्याचं नाव कधी निघालं नाही. मीही काढलं नाही. सबमिशनच्या गडबडीत बाळू पालवणकरांबद्दल वाचलं, आणि ते सगळं आठवलं.

आडनाव कोकणातल्या पालवण गावाचं, जन्म मात्र 1876 चा, धारवाडचा. घर चर्मकार समाजाचं. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये महिना 4 रुपयांवर पीच राखायचं, नेट लावायचं हे बाळूंचं काम. साहेबांना नेटमध्ये बोलिंग टाकता टाकता डावखुरी फिरकी अशी तयार झाली की हिंदू संघाला त्यांना घ्यावंच लागलं. मैदानात सगळे तोच बॉल हाताळायचे. चहा मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. बॉलला विटाळ नव्हता, कपाला होता!

पुढे ते मुंबईला आले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 विकेट्स काढल्या. एवढं करूनही हिंदू संघाचं कॅप्टनपद काही मिळालं नाही. 1920 मध्ये तर त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे भाऊ निषेध म्हणून बाहेर पडले. मग कुठे बाळूंना उपकॅप्टन केलं. 1923 मध्ये विठ्ठल कॅप्टन झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. बाळू 1955 मध्ये गेले.

हे फक्त आपल्याकडेच असं नाही. लहानपणी पोलिओ झालेल्या विल्मा रुडॉल्फने 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 3 सुवर्णपदकं जिंकली. अमेरिकेची ही कृष्णवर्णीय मुलगी. पेपरवाल्यांनी तिला काळी हरिणी करून टाकलं. कौतुकच ते! पण हरिणीला कुठे सराव करावा लागतो? पायातला ब्रेस टाकून चालायला शिकण्याची तिची सगळी मेहनत त्या एका शब्दात गडप झाली. बाळूंचंही तेच. मनगट सगळ्यांना दिसलं. बॅट्समनला वाचणारं, फील्ड कशी लावायची ते जाणणारं डोकं कोणालाच बघायचं नव्हतं.

आपल्या ब्रँचच्या टीममध्ये, प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये आपण काय करतो? सोल्डरिंग एकाने करायचं आणि लीडर दुसऱ्याने व्हायचं, हे आधीच कशावरून ठरतं? रात्री मेसमधून परतताना जरा विचार करा राव.

माझं ठरलंय. येत्या मे महिन्यात त्या वाडीत पुन्हा सायकल घेऊन जाणार. या वेळी बोलिंगसाठी नाही, टॉससाठी बोलवायला. तो येईल का, हा प्रश्न आहेच. इतकी वर्षं गप्प बसलो, त्याचा जाब त्याने विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही.