धन्यवादित निकोलस स्टेनो : खडकांच्या थरांचा अर्थ सांगणारे बिशप

ख्रिस्तसभेने धन्यवादित म्हणून गौरविलेल्या व्यक्तींमध्ये रक्तसाक्षी आहेत, धर्मगुरू आहेत, धर्मभगिनी आहेत आणि साधे प्रापंचिकही आहेत. या मांदियाळीत एक भूशास्त्रज्ञही आहेत, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. डेन्मार्कमध्ये जन्मलेले, इटलीत कीर्ती पावलेले आणि उत्तर जर्मनीत अत्यंत निर्धन अवस्थेत देवाघरी गेलेले बिशप निकोलस स्टेनो हे ते भूशास्त्रज्ञ होत. पृथ्वीच्या भूकवचाची रचना समजून घेण्याचे जे शास्त्र आज सर्व जगात शिकविले जाते, त्याच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा आहे. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे परिसरातील राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर हे डोंगर त्यांनी कधी पाहिले नाहीत. तरीही या डोंगरांचा इतिहास जाणून घेताना आजचे शास्त्रज्ञ सर्वप्रथम त्यांच्याच नियमांचा आधार घेतात. म्हणून या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बालपण आणि शिक्षण

निकोलस यांचा जन्म जानेवारी १६३८ मध्ये कोपनहेगन येथे एका लुथेरन कुटुंबात झाला. वडील सोनार होते. लहानपणी दीर्घ आजाराने निकोलस यांना इतर मुलांपासून दूर राहावे लागले. पुढे १६५४-५५ च्या सुमारास शहरात प्लेगची साथ आली आणि त्यांच्या शाळेतील सुमारे २४० विद्यार्थी तिला बळी पडले. मृत्यूचे असे दर्शन घडलेल्या या तरुणाने १६५६ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे शिक्षण सुरू केले.

उच्च शिक्षणासाठी ते हॉलंडला गेले. १६६० मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करीत असता, कानाजवळील लाळग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी नलिका त्यांना आढळली. वैद्यकाच्या पुस्तकांत ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या शोधाचे श्रेय त्यांच्या शिक्षकाने आपल्याकडे घेण्याचा प्रयत्न केला आणि त्यावरून मोठा वाद झाला. लायडन येथे त्यांनी हृदयाचा अभ्यास केला. हृदय हे उष्णतेचे किंवा आत्म्याचे गूढ आसन मानले जात असे. ते एक स्नायू आहे, हे स्टेनो यांनी दाखवून दिले. १६६५ मध्ये पॅरिस येथे मेंदूवर व्याख्यान देताना त्यांनी विद्वानांसमोर प्रारंभीच मान्य केले, की मेंदूविषयी आपणास जवळजवळ काहीच माहीत नाही. जे डोळ्यांना दिसले तेवढेच सांगावे आणि जे कळले नाही ते कळले असे भासवू नये, हा त्यांचा आयुष्यभराचा बाणा होता.

माशाचे डोके आणि जिभेसारखे दगड

१६६६ मध्ये ते फ्लॉरेन्सला आले. तेथील ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरे यांनी त्यांना आश्रय दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिव्होर्नोजवळच्या समुद्रात मच्छीमारांनी एक प्रचंड शार्क मासा पकडला. ड्यूकच्या आज्ञेने त्याचे डोके स्टेनो यांच्याकडे पाठविण्यात आले. त्या माशाचे दात पाहून त्यांना माल्टा बेटावर आणि इतरत्र खडकांत सापडणाऱ्या जिभेच्या आकाराच्या दगडांचे स्मरण झाले. संत पौल माल्टा बेटावर असता त्यांच्या हाताला साप डसल्याचा वृत्तान्त प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. त्यावरून लोकांनी अशी समजूत करून घेतली होती, की संत पौलांनी त्या बेटावरील सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभा दगड झाल्या. काहींच्या मते हे दगड जमिनीतच आपोआप वाढत.

स्टेनो यांनी दात आणि दगड शेजारी ठेवून पाहिले. हे दगड म्हणजे फार पूर्वीच्या माशांचे खरेखुरे दात आहेत, असे त्यांनी १६६७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्यापूर्वीही काहींनी असे सुचविले होते. परंतु स्टेनो पुढच्या प्रश्नाकडे वळले : समुद्रातील माशाचा दात डोंगरातल्या कठीण खडकात आलाच कसा? खडक पूर्वी मऊ गाळ असला पाहिजे, तो पाण्याच्या तळाशी साचला असला पाहिजे आणि नंतर उंच जागी आला असला पाहिजे. टस्कनीतील डोंगर, खाणी आणि दऱ्या पायी हिंडून त्यांनी या विचाराची पारख केली.

१६६९ चे छोटे पुस्तक

घन पदार्थांच्या पोटात सापडणाऱ्या घन पदार्थांविषयीचे त्यांचे लॅटिन पुस्तक १६६९ मध्ये फ्लॉरेन्सला छापले गेले. त्या वेळी इकडे राजगडावरून शिवाजी महाराजांचा राज्यकारभार चालत होता. गॅलिलिओंवरील खटल्याला त्या वेळी अवघी ३६ वर्षे झाली होती. धर्माधिकाऱ्यांच्या वतीने हे पुस्तक तपासून छपाईस संमती देणाऱ्यांमध्ये गॅलिलिओंचेच शिष्य व्हिन्चेन्झो व्हिव्हियानी हे होते. या पुस्तकातील मुख्य नियम शाळेतल्या मुलालाही समजावेत इतके सोपे आहेत.

पहिला नियम असा, की एकावर एक साचलेल्या थरांत खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा असतो. दुसरा असा, की थर साचताना आडवा पसरतो. तो कलता किंवा उभा दिसला तर साचल्यानंतर जमिनीची हालचाल झाली असे समजावे. तिसरा नियम सांगतो, की एखादा थर अडथळा येईपर्यंत सर्व बाजूंना सलग पसरतो. म्हणून दरीच्या दोन्ही काठांवर तोच थर दिसला तर मधला भाग नंतर झिजून गेला असे मानावे. शिवाय जे काही थरांना छेदून जाते ते त्या थरांपेक्षा नवे असते, हेही त्यांनी नोंदविले.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत हे नियम

आता आपण आपल्या सह्याद्रीकडे वळू. भोरहून वरंध घाटाकडे जाताना किंवा वेल्ह्याहून तोरणा चढताना डोंगराचे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. उभा काळा कातळ, त्यावर गवताळ उतार, पुन्हा कातळ, अशी ही रचना थेट माथ्यापर्यंत चालू राहते. अशा खडकांना ट्रॅप म्हणतात. हा शब्द स्टेनो यांच्याच उत्तर युरोपातील भाषांमधून आला असून त्याचा अर्थ जिना असा आहे.

स्टेनो यांनी गाळाचे थर अभ्यासले होते. आपले थर लाव्हारसाचे आहेत. परंतु पातळ लाव्हारसही पाण्यासारखाच दूरवर आणि जवळजवळ आडवा पसरतो, त्यामुळे त्यांचे नियम येथेही लागू पडतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा रस वारंवार बाहेर आला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात पृष्ठभागाची झीज होऊन माती बनली आणि पुढच्या उष्ण थराखाली ती दडपली गेली. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तेथे काही ठिकाणी काळ्या कातळांच्या मधे तांबडा पट्टा दिसतो, तो हाच. पायथ्याचा कातळ आधीचा, माथ्याचा नंतरचा. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांनी पुढे हे सलग पठार कोरून काढले. म्हणूनच समोरासमोरच्या डोंगरांवर एकाच पातळीला सारखे कडे दिसतात. सह्याद्रीत काही ठिकाणी थरांना छेदून उभ्या राहिलेल्या काळ्या दगडाच्या भिंती आढळतात, त्या थरांनंतरच्या होत.

दुसरा नियम तर याहून मोठी गोष्ट सांगतो. भोर-वेल्ह्याकडचे थर आजही जवळजवळ आडवेच आहेत. याचा अर्थ असा, की लाव्हारस थिजल्यानंतर येथील भूकवचाला हिमालयासारख्या वळ्या पडल्या नाहीत. ते उचलले गेले तरी चुरगळले नाही. परंतु घाट उतरून कोकणात पनवेलच्या बाजूस गेल्यास तेच थर पश्चिमेकडे समुद्राच्या दिशेने कललेले आढळतात. भारताचा भूखंड आणि सेशेल्स बेटांचा भूखंड एकमेकांपासून अलग होताना पश्चिम किनाऱ्याचे भूकवच ताणले गेले आणि वाकले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

या थरांच्या खाली काय आहे, हेही आता पुष्कळसे कळले आहे. भोरच्या दक्षिणेस कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ रोजी विनाशकारी भूकंप झाला. त्याची कारणे शोधण्यासाठी तेथे गोठणे गावाजवळ सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण संपल्यावर त्याखाली ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक लागला, आणि कोयनेचे भूकंप मुख्यतः त्याच खडकातील भेगांमध्ये होतात. भूकंपलहरींच्या अभ्यासावरून या भागातील भूकवच सुमारे ३५ ते ४० किलोमीटर जाड असल्याचे दिसते. त्याखाली वरचे प्रावरण सुरू होते. आपला काळा पाषाण ज्या रसापासून बनला, तो मुळात त्या प्रावरणातील खडक अंशतः वितळून तयार झालेला होता. खाली ते आधीचे, हा स्टेनो यांचा साधा नियम येथेही मार्गदर्शक ठरतो. धरणांच्या परिसरात राहणाऱ्या हजारो कुटुंबांच्या सुरक्षिततेसाठी हे ज्ञान किती मोलाचे आहे, ते वेगळे सांगणे नको.

श्रद्धेचा शोध

स्टेनो यांच्या शास्त्रीय कार्याच्या ऐन भरात त्यांच्या अंतःकरणात दुसरा शोध चालू होता. १६६६ मध्ये लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहून ते अंतर्मुख झाले. फ्लॉरेन्समधील एका मठात औषधालय सांभाळणाऱ्या सिस्टर मारिया फ्लाविया आणि श्रीमती लाविनिया अर्नोल्फिनी या दोन भाविक स्त्रियांच्या सहवासाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. खडकांप्रमाणेच येथेही त्यांनी मूळ साधने तपासली. आरंभीच्या ख्रिस्तसभेचे ग्रंथ वाचले. अखेर नोव्हेंबर १६६७ मध्ये त्यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. शार्कच्या दातांवरील लेखन त्याच वर्षीचे आणि थरांवरील पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी आलेले, हे ध्यानात घ्यावे. श्रद्धा स्वीकारली म्हणून त्यांनी निरीक्षण सोडले नाही.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पृथ्वीचे वय काही हजार वर्षांचेच असावे, ही त्या काळची समजूत स्टेनो यांनीही धरून ठेवली आणि टस्कनीच्या थरांचा मेळ नोहाच्या काळच्या जलप्रलयाशी घातला. आज आपण कोटी वर्षांत बोलतो. त्यांचा काळाचा हिशेब टिकला नाही. थर वाचण्याची त्यांची रीत मात्र टिकली, आणि तिच्याच आधारे पुढील पिढ्यांनी तो हिशेब दुरुस्त केला. उत्पत्तीचे पुस्तक आपणास निर्माणकर्त्याची ओळख करून देते. खडकांची वये मोजण्याचे काम त्याने आपल्या बुद्धीवर सोपविले आहे.

मेंढपाळाचे जीवन

१६७५ मध्ये स्टेनो यांना गुरुदीक्षा मिळाली. १६७७ मध्ये रोम येथे कार्डिनल ग्रेगोरिओ बार्बारिगो यांच्या हस्ते, जे पुढे संत म्हणून घोषित झाले, त्यांना बिशपपदाचा अभिषेक झाला आणि उत्तर युरोपातील विखुरलेल्या कॅथोलिक जनतेची जबाबदारी त्यांच्यावर आली. हॅनोव्हर येथे तत्त्वज्ञ लायबनिझ यांच्याशी त्यांचा परिचय झाला. स्टेनो यांनी भूशास्त्र सोडले, याची लायबनिझ यांना खंत वाटे. योजलेला मोठा ग्रंथ खरोखरच अपुरा राहिला. जगाच्या दृष्टीने ही मोठी हानी होती. स्टेनो यांनी ती जाणूनबुजून पत्करली.

१६८० पासून ते म्युन्स्टर येथे साहाय्यक बिशप होते. १६८३ मध्ये तेथील नव्या बिशपच्या निवडणुकीत पैशाचा व्यवहार झाला, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला आणि ते शहर सोडले. गोरगरिबांच्या मदतीसाठी त्यांनी आपली बिशपपदाची अंगठी आणि क्रूसही विकला. उपवास, जुने कपडे आणि अखंड प्रवास यांनी त्यांचे शरीर झिजून गेले. डिसेंबर १६८६ मध्ये श्वेरिन येथे पित्तखड्यांच्या असह्य वेदना सोशीत, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. पुढे त्यांचा पार्थिव देह फ्लॉरेन्सला नेऊन सान लोरेन्झो महामंदिरात पुरण्यात आला. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

प्रिय वाचकहो, आपली मुले शाळेत विज्ञान शिकतात आणि रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गालाही येतात. या दोन्ही ठिकाणी ऐकलेल्या गोष्टींचा मेळ कसा घालावा, असा प्रश्न ती कधी ना कधी आपणास विचारतात. त्यांना गप्प करू नये. त्यांना घेऊन राजगडाच्या वाटेने जावे, कातळातले थर दाखवावे, खालचा थर आधीचा हे समजावून सांगावे, आणि हा नियम ज्यांनी घालून दिला ते आपल्या ख्रिस्तसभेचे एक बिशप होते, हेही सांगावे.