शेट जावजी दादाजी

आमच्या वणींतील दुकानांच्या पाट्यांकडे व लग्नपत्रिकांच्या मथळ्यांकडे विद्यार्थ्यांनीं एकदां निरखून पाहावें. तेथें जीं जाड, ठसठशीत व वळणदार अक्षरें दिसतात, त्यांचें मूळ तिरकस कापलेल्या बोरूंत आहे. बोरू एका दिशेनें ओढला कीं रेघ भरदार उमटते. दुसऱ्या दिशेनें ओढला कीं बारीक. हें हाताचें वळण शिशाच्या खिळ्यांत ज्यांनीं उतरविलें, त्यांत शेट जावजी दादाजी चौधरी यांचें नांव अग्रगण्य आहे.

त्यांचा जन्म सन १८३९ मध्यें मुंबईस झाला. घरची स्थिति हलाखीची. त्यामुळें शाळेशीं संबंध थोडाच आला. ज्या वयांत आमचीं मुलें चौथी-पांचवींत बसतात, त्या वयांत ते मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर टाइप घांसावयास राहिले. देवनागरी अक्षरांचे सुबक ठसे कोरणारे टॉमस ग्रॅहम हे याच छापखान्याचे.

टाइप घांसणें ही वरवर नुसती मजुरी. पण त्या मुलाच्या बोटांखालून रोज अक्षरेंच जात होतीं. पोलादी कांडीच्या टोकावर उलटें अक्षर कोरावयाचें, तो ठसा तांब्यांत ठोकून मातृका करावयाची व तींत वितळलेलें शिसें ओतावयाचें, असा तो उद्योग. इंग्रजीचें काम थोडक्या खिळ्यांवर भागतें. देवनागरीस काना, मात्रा, रफार व जोडाक्षरें मिळून शेंकडों लागतात. त्यांपैकीं एकाची जाडी बिघडली तरी सारें पान विद्रूप दिसतें, आणि मोठ्या मथळ्यांत तर तो दोष लपतच नाहीं.

पुढें इतर छापखान्यांत नोकरी करून जावजींनीं सन १८६४ मध्यें स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू हे ठसे कोरण्यांत निष्णात होते. चरित्रें धन्याचींच लिहिलीं जातात. परंतु राणोजींचा हात नसता तर निर्णयसागरी अक्षर झालें नसतें, असें आम्हांस वाटतें. सन १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना निघाला.

शाळा अर्धवट राहिलेल्या या गृहस्थानें मग संस्कृत पंडितांस कामाला लाविलें. सन १८८६ पासून निघालेल्या काव्यमालेनें कितीएक दुर्मिळ संस्कृत ग्रंथ प्रथमच छापून पुढें आणिले. मुलांसाठीं विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ मासिकही सन १८८१ पासून त्यांच्याच आश्रयानें चालूं लागलें. ज्याला बालपणीं पुस्तक मिळालें नाहीं, त्यानें तें दुसऱ्यांच्या मुलांपर्यंत पोंचविलें.

सन १८९२ मध्यें जावजी निवर्तले. छापखाना चिरंजीव तुकाराम यांनीं नेटानें चालविला. आतां शिशाचे खिळे गेले व अक्षरें संगणकावर जुळतात. कोणा पालकांच्या घरीं निर्णयसागरचा जुना ग्रंथ असेल, तर त्यांनीं तो एक दिवस मुलाबरोबर शाळेंत पाठवावा. त्यावरील मथळ्याचें अक्षर आम्हांस वर्गांत भिंगाखालीं दाखवावयाचें आहे.