वालचंद हिराचंद : सुट्या भागांतून मोटार उभी करणारा माणूस

मी जालन्यात जुन्या मोटारींची 1:24 मापाची किट जोडतो. 1:24 म्हणजे 3.9 मीटरची गाडी साधारण 16 सेंटिमीटरची होते. भाग जोडताना मला वालचंद हिराचंद आठवतात. त्यांच्या कारखान्याची सुरुवातही अशीच झाली होती.

1882 मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद आधी रेल्वेची कंत्राटं घ्यायचे. 1919 मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन काढून त्यांनी ब्रिटिश जहाज कंपन्यांशी टक्कर घेतली. 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला. मोटारीसाठी मात्र इंग्रज सरकारने साथ दिली नाही. तरीही 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्यातून पहिली गाडी बाहेर पडली.

भाग अमेरिकेच्या क्रायस्लरचे, जोडणी आपली. मग ही गाडी आपली कशी, असं तुम्हाला वाटेल. माझं म्हणणं असं, की जोडता जोडताच प्रत्येक भागाचं माप आणि काम कळतं, मग एकेक भाग इथेच बनवता येतो. मलाही रंगकाम असंच हाताने समजलं: जालन्याच्या कडक उन्हात स्प्रेचा रंग हवेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून सकाळी लवकर, आधी प्रायमर, मग पातळ थर द्यायचे.

वालचंद 1953 मध्ये गेले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी बनलेली प्रीमियर पद्मिनी त्यांनी पाहिली नाही, पण ती त्यांच्याच कंपनीची होती.