वुड्रो साहेबांची लिली

मे महिना संपत आलेला असतो. उन्हाने पुणेकर हैराण झालेले असतात. अशात एखाद्या संध्याकाळी कात्रजच्या बाजूने ढग चढतात, धुळीचे लोट उठतात आणि वळवाची एक जोरदार सर येऊन जाते. मग दोन-चार दिवसांनी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडावे, तर पायरीजवळच्या कुंडीत गवतासारख्या पात्यांमधून गुलाबी फुले एका रांगेत उभी! आदल्या रात्री कळी आहे की नाही, हेही कोणी पाहिलेले नसते. पावसाची लिली ती हीच.

या लिलीची आणखी एक गंमत आहे. पुण्यातल्या जुन्या घरांत जाऊन विचारा, ही तुम्ही कुठून विकत आणलीत? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, विकत कुठली, शेजारच्या काकूंनी दिली. काकूंना त्यांच्या नणंदेने दिलेली असते आणि नणंदेने ती माहेरून आणलेली असते. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले चार कंद या घरातून त्या घरात जातात आणि वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या, तरी लिली गच्चीवर शिल्लक राहते.

झाडे अशी हातोहात पसरवणे हेच ज्याचे आयुष्यभराचे काम होते, असा एक माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पुण्यात राहून गेला. जॉर्ज मार्शल वुड्रो हे त्याचे नाव. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना आणि आंब्याच्या बागाइतदारांना ते परिचयाचे आहे. पण पुण्याच्या घरोघरच्या बागांशीही या साहेबाचे नाते आहे आणि त्याच्या नावाची एक लिलीही आहे. त्या लिलीच्या नशिबी जे आले, ते समजून घेण्यासारखे आहे.

दापोडीहून गणेशखिंडीकडे

पुण्याच्या सरकारी बागेची गोष्ट वुड्रो यांच्याही आधी सुरू होते. पेशवाई संपल्यावर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी दापोडीला बंगला घेतला आणि १८२८ च्या सुमारास तिथे वनस्पतींची बाग सुरू केली. १८३८ पासून ती डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या हाती आली. पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेले हे गिब्सन. दापोडीच्या बागेत फुललेल्या झाडांची सुंदर रंगचित्रे त्यांनी एका देशी चित्रकाराकडून काढून घेतली. चित्रे आजही जपलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

१८६० नंतर गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम गणेशखिंडीत हलवायचे ठरले. आज जिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, तो उंच मनोऱ्याचा वाडा उभा राहिला. दापोडीची बाग बंद झाली आणि १८७३ साली गणेशखिंडीत नवी वनस्पती बाग सुरू झाली. या बागेचे अधीक्षक म्हणजे वुड्रो. जन्म १८४६ सालचा, म्हणजे वय जेमतेम सत्तावीस.

त्या काळच्या गणेशखिंडीची आज कल्पना येणार नाही. खडकाळ माळ, वर चार बोटे माती, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. अशा जमिनीवर खड्डे खणून, माती भरून, पाणी फिरवून झाडे जगवायची होती. साहेबांच्या हाताखालच्या माळ्यांनी ती जगवली. त्या माळ्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत, पण बागेतल्या जुन्या झाडांवर त्यांचाही हक्क आहे.

बागेच्या जोडीला वुड्रो पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. हेच आजचे सीओईपी. तिथे प्राचार्य होते थिओडोर कुक. मूळचे इंजिनिअर, पण वनस्पतींचे वेड असे की निवृत्तीनंतर त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथच लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ महाराष्ट्रातला अभ्यासक अजूनही हाताशी ठेवतो. त्याची पाने चाळली, तर ठिकठिकाणी वुड्रो यांचे नाव दिसते. कारण साहेब नुसते बागेत बसून राहणारे नव्हते. ते आणि त्यांचे सहकारी सह्याद्रीचे घाट, कोकण आणि माळराने पालथी घालून झाडे गोळा करीत.

हे सहकारी मराठी होते, हे सांगायला हवे. त्यांतले एक एन. बी. रानडे. आंबा घाटात त्यांना घंटेसारखी लोंबती फुले असलेले एक झुडूप मिळाले. १८९४ साली वुड्रो आणि स्टाफ या दोघांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि नाव दिले ते रानड्यांचे! आपण त्याला सोनघंटा म्हणतो. ज्या काळात देशी माणसाचे श्रम साहेबाच्या खाती जमा होत, त्या काळात हे झाले. दापोडीच्या त्या निनावी चित्रकाराची आठवण ठेवली, की या गोष्टीचे मोल कळते.

वाटले ते वाचले

वुड्रो यांनी घरच्या बागेसाठी पुस्तक लिहिले. भारतात बागकाम कसे करावे, हे सांगणाऱ्या लहान पुस्तकापासून सुरुवात झाली आणि आवृत्तीगणिक ते वाढत गेले. १९१० साली त्याची सहावी आवृत्ती निघाली, तीही सगळ्या उष्ण प्रदेशांना उपयोगी पडेल अशी फेरफार करून. विलायती पुस्तके विलायती हवेची. इथला उन्हाळा, इथला पाऊस आणि इथली माती धरून लिहिणारे तेव्हा फार थोडे होते.

त्यांचे दुसरे वेड आंब्याचे. आंब्याच्या निरनिराळ्या जाती त्यांनी गणेशखिंडीत लावल्या, त्यांची कलमे केली आणि १९०४ साली आंब्यावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. १८८९ साली पुण्याहून काही जातींची कलमे अमेरिकेला गेली. त्यांतली काही फ्लोरिडात लागली. १८९४-९५ च्या हिवाळ्यात तिथे कडाक्याची थंडी पडली आणि झाडे मेली. मुलगोबाचे एक तेवढे तगले. पुढे या झाडाच्या कोयीपासून हेडन नावाचा आंबा तयार झाला आणि अमेरिकेतल्या आंब्याच्या व्यापाराचा तो मोठा आधार ठरला. पुण्याच्या खडकाळ माळावरून निघालेले एक कलम असे सातासमुद्रापार रुजले.

यात एक साधे तत्त्व आहे. झाड एकाच ठिकाणी असले, तर एक थंडी किंवा एक दुष्काळ त्याचा निकाल लावतो. दहा ठिकाणी असले, तर नऊ जाऊनही एक उरते.

आता त्यांच्या लिलीकडे येऊ. सह्याद्रीत मिळालेल्या एका नागदवण्याच्या जातीचे कंद लंडनच्या क्यू उद्यानात पोचले. तिथे ते फुलले आणि बेकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ साली ही जात नवी असल्याचे जाहीर करून तिला वुड्रो यांचे नाव दिले. पावसाळ्याच्या तोंडाशी उमलणारी, पांढऱ्या फुलांच्या झुबक्याची ही लिली जगात फक्त आपल्या सह्याद्रीत होते.

या सुमारास पुण्यात काय चालले होते? प्लेगने शहर हवालदिल झाले होते. घरांची झडती आणि सक्तीची हलवाहलव यांनी लोक संतापले होते. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड निघाला आणि गणेशखिंडीच्याच रस्त्यावर चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. ज्या वाड्यातून तो निघाला, त्या वाड्याच्या परिसरातच वुड्रो यांची बाग होती. साहेब ज्या सरकारचे नोकर होते, त्या सरकारला पुणे शत्रू मानत होते. बागेचा इतिहास सांगताना हे विसरता येत नाही. त्यांचे काम मोठे होते आणि ते परक्या सत्तेच्या छत्राखाली झाले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

एकोणिसावे शतक सरता सरता सुमारे पाव शतकाची नोकरी संपवून वुड्रो मायदेशी परतले. पश्चिम भारतातल्या वनस्पतींची त्यांची यादी मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १८९७ पासून क्रमाक्रमाने छापून येत होती. १९११ साली त्यांचे निधन झाले.

आणि त्यांची लिली? ती हरवली. नाव ग्रंथात राहिले, चित्र राहिले, पण रानात ती कोणाला दिसेना. नागदवण्याच्या जाती ओळखणे तसे अवघड. फूल रसदार असल्याने कागदात दाबून वाळवले की त्याचा आकारच राहत नाही. एकामागून एक वर्षे गेली. एकविसावे शतक उजाडल्यावर, म्हणजे सुमारे शंभर वर्षांनी, अभ्यासकांना ती महाबळेश्वर परिसरात पुन्हा सापडली. तीही अगदी थोडी. आज तिची गणना अत्यंत संकटात असलेल्या वनस्पतींत होते.

ज्याने हजारो झाडे वाटली, त्याच्या नावाचे झाडच वाटले गेले नाही. एका डोंगराच्या अंगावर ते एकटे राहिले.

अंगणातली लिली

आता आपल्या अंगणाकडे पाहू. आपण ज्यांना सरसकट लिली म्हणतो, त्या बहुतेक परदेशी पाहुण्या आहेत. पावसाची लिली अमेरिका खंडातली. मार्च-एप्रिलमध्ये मोठी लाल फुले देणारी अॅमरिलिस दक्षिण अमेरिकेतली. कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची पांढरी स्पायडर लिलीही तिकडचीच. मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिली आफ्रिकेतली. इतकेच कशाला, देवघरातला निशिगंधसुद्धा मूळचा मेक्सिकोचा. शास्त्राच्या हिशेबाने यांतली एकही खरी लिली नाही. खरी लिली थंड हवेची. पुण्याच्या उन्हात ती फार काळ रमत नाही.

या पाहुण्या इथे रुजल्या, कारण त्यांना वाढवणे सोपे आहे. कंदाला दोनच गोष्टींचा तिटकारा, साचलेले पाणी आणि अवेळी दिलेले पाणी. म्हणून माती पोयट्याची घ्यावी, तीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि कुंडीचे भोक मोकळे ठेवावे. अॅमरिलिसच्या कंदाची मान मातीच्या वर राहू द्यावी. फूल संपले की दांडा कापावा, पण पाने हिरवी असेपर्यंत मुळीच कापू नयेत. पुढच्या वर्षीचे फूल ती पानेच कंदात साठवीत असतात. हिवाळ्यात अॅमरिलिसची आणि फुटबॉल लिलीची पाने पिवळी पडली, की पाणी तोडावे. झाड मेले म्हणून कुंडी उपडी करण्याची चूक पुष्कळांकडून होते. ते मेलेले नसते, झोपलेले असते.

दोन-तीन वर्षांत कुंडीत कंदांची गर्दी होते आणि फुले कमी होतात. वाटणीची वेळ आली, असे समजावे. उन्हाळ्याच्या अखेरीस गड्डा उपसावा, मोठ्या कंदाला चिकटलेली पिल्ले हलक्या हाताने सोडवावीत, एखादा दिवस सावलीत ठेवून लावावीत. लहान पिल्लाला फूल यायला दोन-तीन वर्षे लागतात. निशिगंधाच्या ज्या कंदाला एकदा दांडा येऊन गेला, त्याला पुन्हा येत नाही. त्याच्या पिल्लांना येतो. आणि नागदवण्याचे बी पाहिले नसेल, तर जरूर पाहावे. लाडवासारखे गुबगुबीत बी टेबलावर नुसते ठेवले, तरी माती-पाण्याशिवाय त्याला मोड येतो. घरात लहान मुले असतील, तर हे त्यांना दाखवावेच. मात्र हे कंद विषारी असतात. कांदा समजून कोणी तोंडात घालणार नाही, असे ठेवावेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

एवढे वाचून महाबळेश्वरला जाऊन वुड्रो साहेबांची लिली उपटून आणावी, असे कोणाच्या मनात आले, तर ते मात्र करू नये. जिथे थोडेच कंद उरले आहेत, तिथला एक कंद आणणे म्हणजे वाटणे नव्हे, लुटणे झाले. ती लिली वाढवण्याचे काम अभ्यासकांचे आणि वनस्पती उद्यानांचे आहे. आपण फुलत्या पठारावर जपून पाय टाकावा, एवढे पुष्कळ झाले. घरी देशी लिली हवीच असेल, तर नागदवणा रोपवाटिकेत मिळतो आणि पुण्यात छान वाढतो.

गणेशखिंडीची ती बाग अजून आहे. आता ती कृषी विद्यापीठाकडे आहे आणि २०२० साली महाराष्ट्र सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. भोवती रस्ते रुंद झाले, पूल आले, मेट्रो आली. आत जुनी झाडे उभी आहेत.

यंदा वळवाची पहिली सर येण्याआधी आपली जुनी कुंडी एकदा उपसून पाहा. त्यात दहा कंद निघाले, तर चार ठेवावेत आणि सहा वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून शेजारी द्यावेत. एखाद्या वर्षी आपली कुंडी वाळून गेली, तर पुन्हा मागायला कुणाचे तरी दार असेल.