परत आलेला प्रबंध : लिहायला शिकणारे बाबासाहेब

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला माहूर तालुक्यातील आमची मुले-मुली बारावी करून महाविद्यालयात जातात. कोणी माहूरला, कोणी किनवटला, कोणी पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात, तर कोणी नांदेडला खोली करून राहते. अनेक घरांत ही पहिलीच पिढी. पहिल्या वर्षाला भाषेचा सक्तीचा तास असतो. त्यात निबंध, सारांश, पत्र, परिच्छेद असे लेखन शिकवायचे असते. पण विहारात रविवारी भेटल्यावर मुलांशी बोललो की कळते, बहुतेकांनी वर्षभरात स्वतःचे एक पानही लिहिलेले नसते. गाईडमधले उतरवले, मित्राच्या असाइनमेंटची झेरॉक्स काढली, सही झाली, गुण मिळाले. वही तपासून, खाडाखोड करून परत देणारे प्राध्यापक काहींना भेटतात. पण लाल शाईने भरलेली वही हातात आली की तीच मुले खचतात. लिहिणे हे आपले काम नाही, ती जन्मजात देणगी असते, असे ती मनाशी ठरवून टाकतात.

अशा वेळी आम्ही बाबासाहेबांचे उदाहरण देतो, तर मुले लगेच म्हणतात की ते महामानव होते, त्यांची गोष्ट वेगळी. हे ऐकून आम्हाला वाईट वाटते. बाबासाहेबांच्या लेखणीला आपण नमस्कार करतो, पण ती लेखणी कशी घडली हे मुलांना सांगत नाही. म्हणून त्यांच्या चरित्रातील हा एकच धागा आम्ही येथे मांडत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे लेखनाचे पहिले गुरू त्यांचे वडील. सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर पगार गेला, पण शिकवण्याची सवय गेली नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुस्तके त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, वाक्य कसे फिरते, याचा सराव ते रोज घेत. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली होती. त्यात स्वयंपाक, झोप आणि अभ्यास. परीक्षेच्या दिवसांत वडील मुलाला पहाटे दोन वाजता उठवत. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले, तर रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवत आणि पुस्तक आणत. आमच्या आईबापांनी जे आमच्यासाठी केले, तेच रामजींनी केले होते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. हा आकडा आम्ही मुद्दाम देत आहोत. आज इतके गुण मिळाले तर घरात पेढेही वाटले जाणार नाहीत. पण तेव्हा आपल्या समाजात ते यश एवढे मोठे होते की सत्कार सभा झाली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत एकटा बसून वाचणारा हा मुलगा केळुसकरांनी आधीच हेरला होता. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. शाळेत संस्कृत घेता आले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. म्युलर त्यांना पुस्तके देत, कपडेही देत. वर्गात अंतर ठेवणारे होते, तसे हात देणारेही होते.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पहिले काही दिवस नव्या शहराच्या ओढीत गेले. मग त्यांना आपण कशासाठी आलो याची जाणीव झाली आणि दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास सुरू झाला. एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र वेगळेच. सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे शिक्षक मिळाले. १९१५ साली ते एम.ए. झाले.

या काळातली एक घटना पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावी. प्रा. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात विद्यार्थ्यांनी निबंध लिहून वर्गासमोर वाचायचा असे. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींवर असा निबंध वाचला. वय २५ वर्षे. म्हणजे आज आपण ज्याला थोर ग्रंथ मानतो, तो मुळात एका विद्यार्थ्याने वर्गासाठी केलेला स्वाध्याय आहे! पुढच्या वर्षी मे १९१७ मध्ये तो इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात छापून आला.

त्या निबंधाची रचना पाहा. आधी त्यांनी जातीची व्याख्या करणारे चार अभ्यासक घेतले : सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपल्या महाराष्ट्राचे श्रीधर व्यंकटेश केतकर. प्रत्येक जण काय म्हणतो ते सांगितले. कोणाचे कुठे बरोबर, कुठे अपुरे, ते दाखवले. त्यानंतर आपले म्हणणे मांडले की जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा त्या बंधनाशी कशा जोडलेल्या आहेत, ते एकेक पायरी चढत उलगडून दाखवले. शेवटी आपले मत अंतिम नाही, चूक दाखवल्यास ते सोडायची तयारी आहे, हेही नम्रपणे नमूद केले. ज्या जातीने त्यांना वर्गाबाहेर बसवले, पाण्यावाचून ठेवले, त्या जातीवर ते लिहीत होते. राग नसेल असे कसे म्हणावे? पण कागदावर त्यांनी पुरावा आणि तर्क ठेवला. समोर परदेशी विद्यार्थी होते, त्यांना आपल्या दुःखाची सवय नव्हती. त्यांना पटेल असे लिहायचे तर आधी समजेल असे लिहावे लागते.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पुस्तकांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. पहिले महायुद्ध चालू होते, ती बोट पाणबुडीने बुडवली. बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. त्या अपमानाची हकिगत आपल्या सर्वांना माहीत आहे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. आता ते वर्गाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना मनावर घेतले नाही. अस्पृश्य समाजातला हा माणूस आपल्याला काय शिकवणार, अशी भावना होती. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये, असा काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. बाबासाहेबांनी उत्तर दिले ते तयारीने. प्रत्येक व्याख्यानामागे भरपूर वाचन आणि टिपणे असत. थोड्याच दिवसांत वर्ग शांत बसू लागला. पुढे तर इतर महाविद्यालयांतील विद्यार्थी परवानगी काढून त्यांचे तास ऐकायला येऊ लागले. शिक्षकाची जात बघणारे विद्यार्थी त्याचे शिकवणे बघू लागले, हा बदल एका वर्गखोलीत घडला. त्याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाले. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडून, साठवलेले पैसे आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला गेले.

लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी पहिले जाणारे आणि संध्याकाळी शेवटी निघणारे वाचक ते असत. जेवण अर्धपोटी. १९२१ साली एम.एस्सी. झाली. मग रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला.

आणि तो परत आला.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी सांगितले की प्रबंध पुन्हा लिहून द्यावा. ब्रिटिशांच्या चलन धोरणावरची त्यातली टीका परीक्षकांना झोंबली, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. तेव्हा बाबासाहेब ३२ वर्षांचे होत होते. कोलंबियाचे शिक्षण पूर्ण झालेले, प्राध्यापकी केलेली, वृत्तपत्र काढलेले. घरी रमाई एकेक पैसा जपून संसार रेटत होत्या. लंडनमध्ये राहून लिहायला पैसे उरले नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. वकिलीची सनद घ्यायलाही भथेनांकडून पैसे घ्यावे लागले. त्या ओढाताणीत बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. भाषा आणि मांडणी बदलली, पण निष्कर्ष बदलले नाहीत. तो लंडनला पाठवला आणि या वेळी तो मान्य झाला. १९२३ च्या अखेरीस लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने तो ग्रंथ काढला.

त्याला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे शिक्षक प्रा. एडविन कॅनन यांनी. गंमत अशी की कॅनन यांना बाबासाहेबांचे अनेक मुद्दे मान्य नव्हते आणि ते त्यांनी प्रस्तावनेत उघड सांगितले. तरी विद्यार्थ्याच्या विचारातला ताजेपणा त्यांना मोलाचा वाटला. मतभेद ठेवूनही विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहणारा असा शिक्षक लाभणे हे भाग्यच. तो ग्रंथ बाबासाहेबांनी अर्पण केला आपल्या आई-वडिलांच्या स्मृतीला, शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची आठवण ठेवून. तर्खडकर पाठ करून घेणारे रामजी तेव्हा हयात नव्हते. दहा वर्षांपूर्वीच, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, ते गेले होते.

पुढचे लेखन आपण जाणतो. ३ एप्रिल १९२७ पासून बहिष्कृत भारत निघाले आणि त्याचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने भरावे लागले. न्यूयॉर्कला तर्क शिकलेली लेखणी आता महाडच्या आणि मराठवाड्याच्या माणसाला कळेल अशा मराठीत बोलू लागली. नंतर शासकीय विधी महाविद्यालयात त्यांनी शिकवले, १९३५ मध्ये तिथले प्राचार्यही झाले.

मराठवाड्याला त्यांनी काय दिले, हे येथे सांगितलेच पाहिजे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण हैदराबादला, तेही उस्मानियात उर्दूतून. खेड्यातल्या आपल्या मुलाला ते कसे झेपणार? बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय झाले आणि १९५० ला औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. त्याला नाव दिले मिलिंद, परिसराला नाव दिले नागसेनवन. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि न रागावता उत्तर देणारा नागसेन! विद्यार्थी आणि शिक्षक यांचे नाते कसे असावे, हे बाबासाहेबांनी नावातच लिहून ठेवले.

त्या नागसेनवनात मराठवाड्याच्या वाड्या-वस्त्यांतील पोरे लिहायला शिकली. अमेरिकेतून इंग्रजी साहित्यात पीएच.डी. करून आलेले डॉ. म. ना. वानखडे तिथे प्राचार्य होते. १९६७ मध्ये तिथूनच अस्मिता हे नियतकालिक निघाले. तेच पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली अस्मितादर्श झाले आणि कित्येक नवख्या लेखकांचे पहिले लिखाण त्याने छापले. ज्यांच्याविषयी दुसरे लिहीत होते, ते स्वतःविषयी लिहू लागले. दलित साहित्याचा मोठा प्रवाह या वर्गखोल्यांतून आणि वह्यांतून आला आहे.

बाबासाहेब स्वतः अखेरपर्यंत लिहीत आणि दुरुस्त करीत राहिले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद जवळ मागून घेतले. दुसऱ्या दिवशी, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून पहिल्या वर्षाच्या मुला-मुलींना आमचे सांगणे आहे. वही लाल शाईने भरून परत आली तर लाजू नका. जगातल्या मोठ्या विद्यापीठात शिकलेल्या माणसाचा प्रबंधही परत आला होता. त्यांनी तो पुन्हा लिहिला. तुम्हीही तेच पान पुन्हा लिहा. गाईड बाजूला ठेवा, आपल्या गावाविषयी, आपल्या आईच्या मजुरीविषयी, ऊसतोडीला गेलेल्या शेजाऱ्याविषयी एक पान स्वतःच्या शब्दांत लिहा. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत उतरवा. रामजींची पद्धत तीच होती.

प्राध्यापक बंधू-भगिनींना विनंती आहे की वर्गात साठ-सत्तर मुले असली तरी सत्रातून एकदा तरी प्रत्येकाची वही वाचून परत द्या. मत पटले नाही तर तसे लिहा, पण वाचा. आणि समाजातील पदवीधरांनो, जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग विहारातल्या वह्या-पुस्तकांना द्या. रविवारी वंदना झाल्यावर तासभर बसा. चार मुलांनी लिहून आणलेले एकेक पान वाचा आणि सुधारा. एवढे प्रत्येक गावात झाले तर उद्याचा लेखक माहूरच्या डोंगरातूनही उभा राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!