मांसतपासणीचे आद्य पुरस्कर्ते : डॉ. रुडॉल्फ फिरखो

कत्तलखान्यातील मांस ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी ते तपासले जावे, ही बाब आज स्वयंसिद्ध वाटते. दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीत मात्र या साध्या मागणीसाठी संघर्ष करावा लागला. त्या संघर्षात अग्रभागी होते विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. रुडॉल्फ फिरखो.

१३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरेनियात जन्मलेल्या फिरखो यांनी १८४३ मध्ये बर्लिन येथे वैद्यकीय पदवी संपादन केली. १८४८ मध्ये अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करताना, या रोगाचे मूळ दारिद्र्यात व अज्ञानात असल्याचा निर्भीड निष्कर्ष त्यांनी मांडला. त्याच वर्षीच्या क्रांतीतील सहभागामुळे त्यांना बर्लिन सोडावे लागले. १८५६ मध्ये ते सन्मानाने परतले आणि दोनच वर्षांत पेशी-विकृतिशास्त्रावरील त्यांचा युगप्रवर्तक ग्रंथ प्रसिद्ध झाला.

डुकराच्या स्नायूंत दडलेला ट्रिकिना हा सूक्ष्म कृमी त्या काळी निरुपद्रवी मानला जाई. १८६० मध्ये ड्रेस्डेन येथे झेंकर यांना एका मृत तरुणीच्या स्नायूंत तो आढळला आणि हा समज कोसळला. फिरखो यांनी प्राण्यांवर प्रयोग करून या कृमीचे जीवनचक्र उलगडण्यास मोठा हातभार लावला. प्रत्येक डुकराचे मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे, असा आग्रह त्यांनी धरला. खाटीक व्यावसायिकांनी त्यास कडाडून विरोध केला. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या गावात कच्चे मांस खाल्ल्याने ३३७ जण आजारी पडले व १०१ जण दगावले. या दुर्घटनेने फिरखो यांची मागणी किती रास्त होती, हे सिद्ध केले.

त्याच वर्षी बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वाचे आव्हान दिले. फिरखो यांनी ते नाकारले. शस्त्र म्हणून त्यांनी ट्रिकिनायुक्त सॉसेज निवडल्याची कथा मात्र दंतकथाच मानली जाते.

बर्लिनच्या नगरसभेत चार दशकांहून अधिक काळ कार्यरत राहून त्यांनी सांडपाणी व्यवस्था आणि मांसतपासणी या दोहोंचा पाठपुरावा केला. १८८१ मध्ये शहराचा मध्यवर्ती कत्तलखाना सुरू झाला. कत्तलीपूर्वी व कत्तलीनंतर तपासणी सक्तीची करणारा कायदा १९०० मध्ये संपूर्ण जर्मन साम्राज्यासाठी संमत झाला. तो पाहूनच ५ सप्टेंबर १९०२ रोजी फिरखो यांनी जगाचा निरोप घेतला.

आज स्नायूचा तुकडा काचांमध्ये दाबून पाहण्याऐवजी तो कृत्रिम पाचकरसात विरघळवून कृमी शोधला जातो. पद्धत बदलली, तत्त्व मात्र फिरखो यांचेच आहे.